‘उघाडीचं पानी’चं दुसरं परीक्षण

ऑस्कर मच्याडो यांनी वसईच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण त्यांचं नाव झालं ते मराठी पुस्तकांच्या परीक्षणांमुळे. मुंबईहून निघणाऱ्या एका मासिकात ते दर महिन्याला लिहीत. नव्या लेखकांना त्यांची धास्ती वाटे. ते उगाच कोणाला झोडपत नसत, पण एखादं पुस्तक आवडलं नाही तर त्यातली उणीव एकाच वाक्यात अशी मांडत, की ते वाक्य पुस्तकापेक्षा जास्त लोकांच्या लक्षात राही.

ते मूळचे वसईजवळच्या गास गावचे. वडिलांची केळीची आणि भाजीची वाडी होती. शाळा गावातली, मराठी माध्यमाची. इंग्रजी त्यांना एका म्हाताऱ्या फादरनी मिस्सा झाल्यावर चर्चच्या ओट्यावर बसवून शिकवलं. पुढे एम. ए. करायला मुंबईत गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकाने वर्गात विचारलं, हे कुठलं मराठी तुम्ही इंग्रजीत बोलताय? वर्ग हसला. ऑस्करही हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी दोन्ही भाषा घासून पुसून लख्ख करायला घेतल्या. दोन वर्षांनी त्यांच्या उच्चारांवरून ते कुठले हे कोणाला ओळखता येईना. घरची बोली घरातच राहिली, आणि वडील गेल्यावर तीही कमी झाली. बायको ग्लोरिया प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती घरात आणि शेजारपाजारी गावच्याच बोलीत बोले. ऑस्कर तिला प्रमाण मराठीत उत्तर देत. दोघांनाही त्याची सवय झाली होती.

निवृत्तीनंतर दहा वर्षं बरी गेली. मग डोळ्यांनी दगा दिला. आधी वर्तमानपत्राच्या मधोमध एक करडा ठिपका दिसायला लागला. मग तो ठिपका माणसांच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. समोरच्याचे कान दिसत, खांदे दिसत, चेहरा दिसत नसे. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याच्या मधल्या भागाची झीज आहे, इंजेक्शनांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. एकाहत्तराव्या वर्षी ऑस्कर मच्याडो यांना वाचता येईनासं झालं.

त्यांनी आरडाओरडा केला नाही, पण त्यांचं जेवण कमी झालं. ग्लोरियाबाईंनी वाचून दाखवायचा प्रयत्न केला. त्या हजेरी घेतल्यासारखं वाचत, स्वल्पविरामाला थांबत नसत आणि तिसऱ्या पानावर पेंगत. मुलीने कॅनडातून फोनवर वाचून दाखवणारी सोय बसवून दिली. त्या यंत्राचा आवाज बाईचा होता, पण खून झाला काय आणि लग्न लागलं काय, तिचा सूर एकच. ऑस्कर चार दिवसांत तिला कंटाळले.

अशात एका जूनमध्ये कमळीताई पेढे घेऊन आल्या. कमळीताई कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होत्या. नवरा मिठागरावर साप चावून गेला, तेव्हा त्यांचं वय सव्वीस, पदरात लहानगा दीपेश. एका ओळखीच्या बाईंनी ही नोकरी लावून दिली. बत्तीस वर्षं त्यांनी पुस्तकांवरची धूळ झटकली, कपाटातून पुस्तकं काढून दिली आणि परत लावली. आता त्या विरारला मनवेलपाड्यात मुलाकडे राहत होत्या. नात खुशी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली, म्हणून जुन्या ओळखीच्या प्राध्यापकांना पेढे देत फिरत होत्या.

ऑस्कर तेव्हा ओटीवर भिंग घेऊन बसले होते. एका निबंधाच्या पुस्तकातला एकच परिच्छेद अर्धा तास झाला तरी संपत नव्हता. कमळीताईंनी ते पाहिलं. ग्लोरियाबाई चहा टाकायला आत गेल्या तशा त्या म्हणाल्या, “सर, द्या इकडे.” आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

ऑस्करनी भिंग खाली ठेवलं. बाई सावकाश वाचत होत्या. लांबलचक वाक्य आलं की ते कुठे वळणार हे त्यांना आधीच कळत असावं, कारण त्या बरोबर तिथेच श्वास घेत. ‘ण’ त्यांना जमत नव्हता, सगळीकडे ‘न’ येत होता, पण अर्थ एकदाही चुकला नाही. परिच्छेद संपला. ऑस्करनी विचारलं, असं वाचायला कुठे शिकलात?

कमळीताईंनी सांगितलं त्यात अवघड काही नव्हतं. दुपारी दोन ते चार ग्रंथालयात कोणी नसे. नुसतं बसून झोप येई. रात्रशाळेतून दहावी झाली होती, म्हणून वाचायला लागल्या. कुठलं पुस्तक चांगलं ते माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटे. मग मराठीच्या कपाटातलं पहिल्या दाखल क्रमांकाचं पुस्तक घेतलं. ते संपल्यावर दुसरं. तसं करत करत त्या बत्तीस वर्षांत चार हजारांच्या पुढे गेल्या.

“चार हजार?” ऑस्करनी विचारलं.

“काही मधेच सोडली सर. शेअर बाजाराची वगैरे.”

त्या दिवसापासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार ठरले. मनवेलपाड्याहून गासला यायला त्यांना दोन रिक्षा आणि एक बस करावी लागे, पण त्या म्हणाल्या की घरी टीव्ही सारखा चालू असतो, तिथे नाहीतरी वाचता येत नाही. सकाळी दहाला त्या येत, साडेबाराला ग्लोरियाबाईंच्या हातचं जेवून जात. ऑस्कर सांगतील ते वाचत. दोन महिने त्यांनी ऑस्करना हवी असलेली पुस्तकं संपवली. मग एका बुधवारी ऑस्कर म्हणाले की आज तुम्हीच कपाटातून काहीतरी काढा.

कमळीताई बराच वेळ कपाटापाशी उभ्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक बारीकशी कादंबरी होती. त्यांनी नाव सांगितलं. ‘उघाडीचं पानी’, लेखक शत्रुघ्न तरे.

ऑस्करना नाव आठवलं. एक्याण्णव साली परीक्षणासाठी आलेली प्रत. त्यांनी तिच्यावर दोन पानं लिहिली होती. ते म्हणाले, “कच्चं पुस्तक आहे ते. पण वाचा, तुमची निवड आहे.”

कमळीताईंनी पहिलं पान उघडलं.

गोष्ट जूचंद्रच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावातली होती. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाने बांध घातलेला असतो, आणि त्या बांधात पाणी हवं तेव्हा आत-बाहेर सोडायला फळ्यांचं एक दार असतं. त्याला उघाडी म्हणतात. कादंबरीतली बाय ही विधवा त्या उघाडीची राखण करते. एका भरतीच्या वेळी कोणीतरी फळी काढून तिच्या भातशेतात खारं पाणी सोडतं.

“बांधावर कोन हाय, दिसत नव्हतं,” कमळीताई वाचत होत्या. “पन पान्याचा आवाज बदलला. बायनं वलखलं. फली गेली. ती उभी ऱ्हायली. हाक मारली. थांबली. परत मारली.”

ऑस्कर खुर्चीत सरळ झाले. हाच उतारा त्यांनी परीक्षणात उद्धृत केला होता. वाक्यं तुटक आहेत, लेखकाचा दम दोन शब्दांत संपतो, असं त्याखाली लिहिलं होतं. आता ते ऐकताना मात्र त्यांना दम संपल्यासारखं काही जाणवलं नाही. बाई बांधावर उभी आहे, समोर काळोख आहे, आणि ती हाक मारून कान देते आहे, एवढंच जाणवलं.

त्यांनी तो भाग पुन्हा वाचायला सांगितला. कमळीताईंनी वाचला. मग त्यांनी विचारलं, तुम्ही मधेमधे अशा का थांबता?

“बांधावर असंच बोलतात सर. वारा असतो ना. तीन शब्द बोलायचे आनि थांबायचं. जास्त बोललं तर पुढचं वारा नेतो. माझी आई घरातपन तसंच बोलायची.”

त्या दिवशी साडेबारा वाजून गेले तरी वाचन चाललं होतं. ग्लोरियाबाईंनी दोनदा येऊन पाहिलं आणि परत गेल्या. कादंबरी पुढच्या सोमवारी संपली. ऑस्कर म्हणाले की माळ्यावरच्या पेटीत मासिकाचे जुने अंक आहेत, एक्याण्णवचा ऑगस्ट काढा.

अंक सापडला. कमळीताईंनी परीक्षण वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा आवाज जरा खाली आला होता, बस्स. दुसऱ्या पानावर ते प्रसिद्ध वाक्य आलं: ‘ज्याला प्रमाण भाषा पेलत नाही, तो बोलीच्या आडोशाला बसतो.’ ते वाक्य नंतर कितीतरी ठिकाणी लोकांनी वापरलं होतं. एका परिसंवादात त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

ऑस्करनी विचारलं, “हे तुम्ही तेव्हा वाचलं होतं?”

“हो. अंक आला की स्टँडवर मीच लावायची.”

“आणि कादंबरी?”

“तीपन. शत्रुघ्नदादा आमच्या गावचे. कॉलेजच्या प्रतीवर एकच तारीख पडली होती, ती माझी.”

“काय वाटलं होतं तुम्हाला, माझं वाचून?”

कमळीताईंनी अंक मिटून मांडीवर ठेवला. “वाटलं, सरांनी बांध बघितला नाही. पन तुम्ही प्राध्यापक. मी दोन वर्षांची शिपाई. कोनाला सांगनार?”

त्या गेल्यावर ऑस्कर वाडीत जाऊन बसले. ते एरवी दुपारी झोपत. संध्याकाळी ग्लोरियाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. पुस्तक वाईट नव्हतं. ते आपण कानाने वाचायला हवं होतं, डोळ्यांनी वाचलं. आणि खरं सांगायचं तर नीट डोळ्यांनीही वाचलं नाही, कारण मुखपृष्ठावरच ‘पानी’ दिसलं आणि आपल्याला त्या वर्गातलं हसू ऐकू आलं. तो लेखक आपल्याला नको होता. तो आपल्यासारखाच होता आणि लपत नव्हता.

ग्लोरियाबाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, “मग तसं लिही.”

लिहिणं आता सोपं नव्हतं. ऑस्कर सांगत आणि कमळीताई फुलस्केप कागदावर लिहून घेत. एका बैठकीत जेमतेम अर्धं पान होई. सांगितलेलं वाक्य ते परत वाचायला लावत, एखादं विशेषण काढत, मग दुसरं काढत, कधी सगळं वाक्यच रद्द करत. कमळीताईंना ही तऱ्हा नवी होती. त्यांना वाटे, एवढ्या मोठ्या माणसाला एका दमात लिहिता येत असेल.

पाचव्या की सहाव्या दिवशी ऑस्करनी सांगितलं, “लिहा, ही मराठीतली एक थोर कादंबरी आहे.”

पेन चालल्याचा आवाज आला नाही.

“लिहिलंत?”

“थोर नको म्हनू सर,” कमळीताई म्हणाल्या. “शेवट फसलाय.”

ऑस्करना आश्चर्य वाटलं. त्यांनी कारण विचारलं. कमळीताईंनी आधी आढेवेढे घेतले, मग बोलल्या. बाय आख्ख्या पुस्तकात कोणाचं ऐकत नाही. फळी कोणी काढली ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तरी ती बोलत नाही, फक्त त्या माणसाकडे बघत राहते, त्याला ते बघणं सोसवत नाही. आणि शेवटच्या प्रकरणात एकदम पंचायत बसते, सरपंच भाषण करतो, तो माणूस रडतो. दादांना कुठली तरी बस पकडायची होती असं वाटतं. बाय तिथे नुसती उभी आहे, तिला काहीच बोलायला दिलेलं नाही.

ऑस्कर विचारात पडले. पहिल्या परीक्षणात त्यांनी शेवटाबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता. भाषेवरच सगळा राग काढला होता. आणि आता अपराधी वाटतं म्हणून ते उलट्या बाजूला कलत होते. दोन्ही वेळा पुस्तक बाजूलाच राहिलं होतं. त्यांनी ‘थोर’ काढायला सांगितलं आणि शेवटाबद्दल कमळीताई जे म्हणाल्या ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं, त्यांच्या नावासकट. कमळीताईंनी नाव नको म्हणून पुष्कळ सांगितलं. ऑस्करनी ऐकलं नाही.

लेख पुरा झाला, पण मासिकाकडे पाठवायच्या आधी तो लेखकाने ऐकावा असं ऑस्करना वाटत होतं. शत्रुघ्न तरे गोखिवऱ्याला मुलाकडे राहतात, ही माहिती कमळीताईंनी काढली. एका रविवारी दोघं रिक्षाने निघाले. ऑस्करनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

तरे यांचं घर लहान कारखान्यांच्या गाळ्यांमागच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. ते वयाने ऑस्करपेक्षा तीन वर्षांनी मोठे. पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी स्टोअरकीपर म्हणून नोकरी केली होती. रविवार असल्यामुळे खालचे गाळे बंद होते आणि घर शांत होतं. ते खिडकीपाशी शब्दकोडं सोडवत बसले होते. कमळीताईंना त्यांनी ओळखलं, गावातल्या चार माणसांची चौकशी केली. मग ऑस्करकडे वळून म्हणाले, “बसा सर. तुमचा फोटो मासिकात यायचा.”

ऑस्करनी प्रस्तावना केली नाही. ते म्हणाले, “तुमच्या पुस्तकाबद्दल मी चूक लिहिलं होतं.”

“हो,” तरे म्हणाले. “चूकच होतं ते.”

मग कमळीताईंनी लेख वाचला. वाचायला पंचवीस मिनिटं लागली. तरे यांनी पेन्सिल कानावर ठेवली होती आणि ते जमिनीकडे बघत होते. ऑस्करना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे ते त्यांच्या खुर्चीची करकर ऐकत बसले. लेख संपला. सुनेने सरबत आणून ठेवलं.

ऑस्करना एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायची त्यांना भीती वाटत होती. तरीही त्यांनी विचारली. तुम्ही नंतर काही लिहिलं नाहीत. ते माझ्यामुळे का?

तरे शांतपणे बोलले. राग आला होता, तीन दिवस. चौथ्या दिवशी भाताच्या कामात तो विसरलो. नाही, सरांमुळे थांबलो नाही. मिठागर बंद झालं, पोरं कारखान्यांत गेली, आपणही गेलो. घरी नातवंडं हिंदीत बोलायला लागली.

“मी कानानं लिहायचो सर,” ते म्हणाले. “बोलनारी मानसं गेली. ऐकायला कोन नाय, तर लिहू काय?”

ऑस्करना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं थोडं वाटलंही. पण त्याबरोबर एक बारीकशी बोचही लागली, आणि ती कसली हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. आपल्या एका वाक्याने एक लेखक थांबला असेल, या कल्पनेत अपराध होता तसा थोडा मोठेपणाही होता. तो मोठेपणा तरे यांनी सहज काढून घेतला होता.

निघायच्या आधी तरे कमळीताईंना म्हणाले की पुस्तक आणलं असशील तर थोडं वाच. त्यांनी बांधावरचा तोच भाग वाचला. तरे यांनी डोळे मिटले. मधे त्यांनी एकदाच हात वर करून एक शब्द सुधारला, आणि पुढे वाच अशी खूण केली. सून दारात येऊन उभी राहिली होती. वाचून झाल्यावर तरे यांनी कानावरची पेन्सिल काढून शब्दकोड्यावर ठेवली.

“तुजा आवाज तुज्या आईसारका हाय,” ते म्हणाले. “पुडच्या रविवारी ये. आख्खं वाच.”

लेख मासिकात दोन महिन्यांनी छापून आला. शीर्षक ऑस्करनी साधंच दिलं होतं, ‘उघाडीचं पानी: दुसरं परीक्षण’. त्यावर थोडी पत्रं आली. काहींनी कौतुक केलं, एका जुन्या सहकाऱ्याने लिहिलं की म्हातारपणी माणूस मऊ होतो. ऑस्करनी त्याला उत्तर पाठवलं नाही. पण वसईतल्या एका लहान प्रकाशकाचा फोन आला. कादंबरी तीस वर्षं मिळत नाही, पुन्हा काढायची आहे, लेखकाला विचाराल का? प्रकाशकाने गृहीतच धरलं होतं की प्रस्तावना मच्याडो सरांची असणार. ऑस्करनीही ते गृहीत धरलं होतं. पहिली दोन वाक्यं त्यांच्या मनात तयारसुद्धा होती.

तरे यांनी दोन अटी घातल्या. शेवटचं प्रकरण मी नव्याने लिहिणार, ही एक. आणि प्रस्तावना कमळी लिहील, ही दुसरी.

हा निरोप स्वतः कमळीताईंनीच आणला, आणि सांगताना त्या इतक्या अवघडल्या की त्यांना नीट बोलताही येईना. ऑस्कर म्हणाले, छान, लिहा. मग म्हणाले, आज फक्त पेपर वाचा. शुक्रवारीही त्यांनी फक्त पेपर वाचायला लावला. सोमवारी कमळीताई निघाल्या तेव्हा ग्लोरियाबाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या आणि परत येऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

“बत्तीस वर्षं तिने तुझी पुस्तकं उचलली,” त्या म्हणाल्या. “तू तिचं एक पान उचल.”

ऑस्कर रागावले. जेवण होईपर्यंत रागावलेलेच होते. दुपारी त्यांनी ग्लोरियाबाईंना नंबर लावून द्यायला सांगितलं आणि कमळीताईंना विचारलं, प्रस्तावना कुठवर आली?

ती कुठेच आली नव्हती. कमळीताईंनी चार वेळा सुरुवात करून कागद फाडले होते. बुधवारी त्या आल्या तेव्हा ऑस्करनी पुस्तक बाजूला ठेवायला सांगितलं. तेहतीस वर्षं विद्यार्थ्यांना ते जे विचारत आले होते तेच त्यांनी विचारलं: पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच काय झालं? चांगलं दिसेल ते सांगू नका.

कमळीताईंनी बराच विचार केला. “लाज वाटली होती,” त्या म्हणाल्या. “आपली भाषा पुस्तकात. वाटलं, आता सगळे हसतील. मी पुस्तक पदराखाली झाकून वाचलं. मग बाय आली, आनि मी झाकायचं विसरले.”

ऑस्कर म्हणाले, “हीच सुरुवात. हेच लिहा, असंच.”

कमळीताईंनी दोन पानं लिहून आणली. ऑस्करनी ती ऐकली आणि फक्त एका ठिकाणी स्वल्पविराम सुचवला. तो कमळीताईंनी घेतला नाही.

तरे यांना नवीन प्रकरण लिहायला चार महिने लागले. दर रविवारी कमळीताई गोखिवऱ्याला जात आणि गावच्या गोष्टी करत बसत. लिहून झाल्यावर ते गासला आले, आणि ओटीवर तिघांनी मिळून ते प्रकरण वाचलं. ते अकरा पानांचं होतं. पंचायत त्यात नव्हती. बाय त्या माणसाच्या दारात जाते आणि त्याच्याकडे फळी बसवायला मदत मागते, एवढंच होतं. ऑस्करनी मत सांगितलं: शेवटची आठ पानं उत्तम, पहिली तीन सैल. तरे यांनी वाद घातला, कमळीताई मधे पडल्या, ग्लोरियाबाईंनी तिघांनाही जेवायला बसवलं. आठवड्याभराने कळलं की तरे यांनी दोन पानं काढली आणि एक ठेवलं.

पुस्तकाचा कार्यक्रम जूचंद्रच्या शाळेत एका संध्याकाळी झाला. शे-दीडशे माणसं आली होती. बरीचशी गावचीच, काही इमारतींत राहायला गेलेली आणि त्या दिवसापुरती परतलेली. प्रकाशकाने ऑस्करना व्यासपीठावर बोलावलं, पण त्यांनी पहिल्या रांगेतली खुर्ची पसंत केली. तिथून ऐकू चांगलं येतं, असं त्यांनी सांगितलं. कमळीताई निळी साडी नेसून आल्या होत्या, असं ग्लोरियाबाईंनी ऑस्करना सांगितलं. कमळीताईंनी प्रस्तावना वाचली, मग नवीन प्रकरण वाचलं. सुरुवातीला आवाज कापत होता. एका पानानंतर सभागृहात मागे कुजबुजणारी पोरंही गप्प झाली. तरे दोन मिनिटं बोलले आणि बसले.

कार्यक्रम संपल्यावर लोक पुस्तकं विकत घेत होते तेव्हा एक खूप म्हातारी बाई काठी टेकत पुढे आली. तिने तरे यांना सांगितलं की उघाडीच्या सगळ्यात खालच्या फळीला फळी म्हणत नाहीत, तिला वेगळा शब्द आहे, आणि तो शब्द तिने उच्चारला. तरे यांनी तो कधी ऐकला नव्हता. कमळीताईंनीही नाही. त्यांनी म्हातारीला खुर्चीवर बसवलं आणि तो शब्द पुन्हा सांगायला लावला. म्हातारीला बरं वाटलं. मग तिला आणखी चार शब्द आठवले. तरे खिशातली पेन्सिल काढून ते पुस्तकाच्याच मागच्या कोऱ्या पानावर लिहून घ्यायला लागले. ऑस्कर खुर्ची सरकवून जवळ आले आणि ऐकत बसले. रिक्षावाला बाहेर थांबला होता. ग्लोरियाबाईंनी त्याला अजून थोडा वेळ थांबायला सांगितलं.